पिशवी कचऱ्यात, पनीर ताटात

माझ्या मामेसासऱ्यांचं सांगलीच्या गणपती पेठेत दुकान आहे. किराणा तर आहेच, पण खरा धंदा हॉटेलं, केटरर, चायनीजच्या गाड्या आणि सँडविचवाले यांना माल पुरवण्याचा. तेलाचे डबे, मैद्याची पोती, पाच-पाच किलोचे सॉसचे कॅन आणि मागच्या खोलीत दोन डीप फ्रीझर. माझी बायको फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. एका खासगी प्रयोगशाळेत ती अन्नाचे नमुने तपासते. म्हणजे घरातला एक जण विकतो ते दुसरी तपासते. दोघं एका पंगतीला बसली की वाद ठरलेला, आणि जावयाने त्यात तोंड घालायचं नाही हेही ठरलेलं. एरवी मी मुकाट जेवतो. परवाचा वाद मात्र लिहून काढावासा वाटला, कारण दोघांचंही बरंचसं खरं होतं आणि दोघंही मागे हटायला तयार नव्हती.

विषय निघाला फ्रीझरमधल्या एका ठोकळ्यावरून. एक किलोचा, पांढराशुभ्र, हवाबंद पिशवीतला. पिशवीवर मोठ्या अक्षरांत ब्रँड, खाली त्यापेक्षा बऱ्याच बारीक अक्षरांत ‘ॲनालॉग’. मागच्या बाजूला, डोळ्यांना ताण देऊन वाचलं तर: पाणी, रिफाइंड पामोलिन तेल, स्किम्ड मिल्क पावडर, इमल्सिफायर (आयएनएस ४७१), ॲसिडिटी रेग्युलेटर (आयएनएस ३३०).

भाची : हे कुठं जातं, मामा?

मामा : जिथनं मागणी येते तिथं. चोरून देतोय का? पिशवीवर लिहिलंय, माझ्या बिलावर लिहिलंय. कुणीही येऊन बिलबुक बघावं.

भाची : तुमचं बिल चोख असणार, ते ठाऊक आहे मला. घेणारा मेन्यूकार्डावर काय लिहितो?

मामा : पनीर मसाला. पनीर टिक्का. दुसरं काय लिहिणार? ‘पामतेलाचा ठोकळा ग्रेव्हीत’?

भाची : हो. तसंच काहीतरी लिहायला पाहिजे.

मामा : मग चाललं त्याचं हॉटेल!

हा ठोकळा कसा होतो ते इथंच सांगून टाकतो. साय काढलेल्या दुधाची पावडर पाण्यात विरघळवायची, त्यात पामतेल घालून घुसळायचं. ४७१ नंबरचं इमल्सिफायर असल्यामुळे तेल पाण्यावर तरंगत नाही, दुधासारखं एकजीव होतं. मग ३३० नंबर, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घालून ते फाडायचं, दाबायचं आणि कापायचं. बनवायला कायद्याची आडकाठी नाही. ‘पनीर’ म्हणून विकायला आहे. पनीर म्हणायचं तर त्याच्या कोरड्या भागात निदान ५० टक्के दुधाची चरबी हवी, आणि चरबी दुधाचीच हवी. या ठोकळ्यात दुधाची चरबी काढून तिच्या जागी पामतेलाची बसवलेली असते. तव्यावर परतला, ग्रेव्हीत सोडला की कुणाच्या बापाला फरक कळत नाही. मलाही कळलेला नाही.

मामा : हे बघ, मला तुझी प्रयोगशाळा लागत नाही. एक किलो पनीरला म्हशीचं दूध पाच लिटर, गाईचं सहा. म्हशीचं ५५ नं धर, पावणेतीनशे रुपये नुसतं दूध. गाईचं अगदी पडत्या भावानं ३० नं धर, १८०. वर गॅस, मजुरी, बर्फ, टेम्पो, मधल्या दोघांचं पोट. आणि हॉटेलवाला दुकानात येऊन म्हणतो, ‘शेठ, १९० च्या वर परवडत नाही.’ का परवडत नाही? कारण तुझ्यासारखी शिकलेली माणसंसुद्धा पनीरची प्लेट दीडशेच्या वर गेली की उठून शेजारच्या हॉटेलात जातात. हा सगळा खेळ माझ्या फ्रीझरात सुरू होत नाही गं. मेन्यूकार्डाच्या उजव्या बाजूला, जिथं दर लिहितात, तिथं सुरू होतो.

भाची : म्हणजे दोष गिऱ्हाइकाचा?

मामा : दोष कशाला म्हणू? त्याला आतून माहीत असतं एवढंच म्हणतो. स्वस्त आहे म्हणजे काहीतरी असणार. फक्त त्याला ते ऐकायचं नसतं.

भाची : सगळ्यांना माहीत नसतं, मामा. शाकाहारी घरातली आई पोराला प्रोटीन मिळावं म्हणून पनीर खाऊ घालते. तिला आतून काय माहीत आहे?

मामा : ती घरी आणते ते डेअरीचं आणते.

भाची : डेअरीतलं, पण ट्रेमधनं कापून दिलेलं. सुट्टं. त्यावर कुठलं लेबल? तुमच्याकडं पिशवी असते तोवर नाव असतं. हॉटेलातला पोऱ्या पिशवी कापतो, ठोकळा पातेल्यात टाकतो, आणि नाव पिशवीबरोबर कचऱ्यात जातं.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. त्यांची पद्धत आहे ही. मुद्दा लागला की भाकरी मोडत राहायची आणि मग भलत्याच बाजूने यायचं.

मामा : विष आहे का ते? तेवढं सांग मला. तुझ्या प्रयोगशाळेत कधी विष निघालं?

भाची : नाही. नीट कारखान्यात बनवलेलं असेल तर विष नाही.

मामा : झालं तर! पामतेल तू रोज खातेस. बिस्किटात तेच, फरसाणात तेच, चिप्सला तेच. २०२२ सालच्या एप्रिलात इंडोनेशियानं निर्यात बंद केली तेव्हा आठवतं का? तीन-चार आठवडे बंद होती. डब्याचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. फरसाणवाले माझ्या पायरीवर येऊन बसायचे. तेव्हा कुणी म्हटलं नाही, की मामा, हे इंडोनेशियाचं तेल आम्हाला नको. आमचा डबा राखून ठेवा म्हणत होते.

भाची : खातेच मी. पण बिस्किटाच्या पुड्यावर ‘पाम तेल’ छापलेलं असतं. मी वाचून, ठरवून खाते. तुमच्या गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाला ठरवायला कोण देतंय?

मामा : वाचून! किती जण वाचतात? ती शेवंता का कोण, धुण्याभांड्याची, ती पोरांसाठी पाच रुपयेवाल्या पुड्यांची लडी घेऊन जाते. तिनं काय वाचायचं? भाव पाचचा पाच राहिला, आतलं वजन दर दोन वर्षांनी कमी होत आलं, तेही छापलेलंच असतं की. ग्रॅमात. कायदेशीर.

हा टोला खरा होता. लेबलात सगळं असतं आणि तरी ते लेबल बहुतेकांच्या उपयोगाचं नसतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे हा नियम कितींना ठाऊक आहे? तो ठाऊक झाला की दुकानातला निम्मा माल वेगळा दिसायला लागतो. ‘आटा’ असं तोंडावर मिरवणाऱ्या काही बिस्किटांत पहिलं नाव मैद्याचं निघतं. ब्राऊन ब्रेडचा तपकिरी रंग कोंड्याचा असतो असं आपण धरून चालतो. मागे ‘१५०ए’ दिसलं तर तो कॅरॅमलचा, म्हणजे जाळलेल्या साखरेचा आहे. केकमधली लाल-हिरवी टूटीफ्रूटी म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई. आणि उन्हाळ्यात आपण ज्याला सरसकट आइस्क्रीम म्हणतो त्यातल्या कित्येक कपांवर, झाकणाच्या कडेला, ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असतं. आइस्क्रीमला दुधाची चरबी लागते, साध्या आइस्क्रीमला निदान १० टक्के. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पतींची चालते. २०१७ साली या फरकावरून देशातल्या दोन बड्या कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात भांडल्या होत्या. कप चाटणाऱ्यांना त्या भांडणाचा पत्ताही नव्हता.

मामा : आणि पाकिटाला नावं ठेवतेस, पण पाकीट नव्हतं तेव्हा काय होतं ते तुला ठाऊक नाही. आमच्या अण्णांच्या वेळी सगळं सुट्टं. हळदीत पिवळा रंग, तुरीत लाखेची डाळ, बेसनात वाटाण्याचं पीठ, चहात वापरलेली पत्ती वाळवून. कुणाला धरणार? दुकानदार म्हणणार व्यापाऱ्यानं दिलं, व्यापारी म्हणणार वरनंच आलं. १९९८ ला दिल्लीत मोहरीच्या तेलात धोत्र्याचं बी मिसळलेलं निघालं, साठेक माणसं गेली. ते सुट्ट्या जमान्यातलं होतं. पाकिटावर कारखान्याचा पत्ता असतो, परवान्याचा नंबर असतो. तुमचं ते स्वस्त प्रोसेस्ड फूड म्हणता ना, त्यात काय आहे ते निदान लिहिलेलं तरी असतं. घरगुती म्हणून विकतात त्या चकलीत काय आहे ते सांग बघू.

भाची : धोत्रा नव्हे, पिवळा धोत्रा. आर्जिमोन. धोत्रा वेगळा.

मामा : तेच ते.

भाची : तेच ते नाही, पण तुमचा मुद्दा मान्य. पाकिटामुळे जबाबदार कोण ते कळतं. मी पाकिटाच्या विरोधात नाहीच. पाकीट फोडल्यावर पुढे काय होतं ते विचारतेय.

यानंतर वाद डालड्याकडे वळला. अण्णा, म्हणजे मामांचे वडील, डालड्याचे पिवळे डबे विकत. मामांचा सूर असा, की तेव्हाही लोकांनी ओरड केली होती, गांधीजीसुद्धा वनस्पती तुपाच्या विरोधात होते, पण लोकांनी खाल्लं आणि जगले.

भाची : बरं झालं डालड्याचं काढलंत. १९३७ ला तो बाजारात आला. तेव्हाही विचारत होते, विष आहे का? उत्तर होतं, नाही. तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला वाईट, हे नीट कळेपर्यंत पन्नासेक वर्षं गेली. आपल्याकडं तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली १ जानेवारी २०२२ ला. मधल्या काळात ज्यांनी डालडा म्हणून डालडा खाल्ला, त्यांना निदान सोडता तरी आला. ज्यांना तूप म्हणून वाढला, त्यांनी काय सोडायचं?

मामा : मिसळ होतीच तुपात. खोटं कशाला बोलू? बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

भाची : आणि म्हणून सरकारनं काय केलं होतं ठाऊक आहे? वनस्पतीला रंग द्या म्हणजे ते तुपात मिसळता येणार नाही, अशी मागणी होती. रंगाचं काही जमलं नाही. मग सक्ती केली, की वनस्पतीत निदान ५ टक्के तिळाचं तेल घालायचं.

मामा : तीळतेल? महाग पडलं असेल की. चवीसाठी?

भाची : चवीसाठी नाही, पकडण्यासाठी. तीळतेलाला हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि फरफ्युरॉल लावलं की लालसर गुलाबी रंग येतो. बॉदुआँ चाचणी म्हणतात. तुपात कुणी वनस्पती मिसळलं की आपोआप तीळतेलही मिसळलं जायचं, आणि परीक्षानळीत तूप गुलाबी व्हायचं.

मामा : आयला! म्हणजे चोराच्या पायात घुंगरूच बांधलं.

भाची : कारखान्यातच बांधलं. ते बनवू नका म्हणाले नाहीत, गरिबानं खाऊ नये म्हणाले नाहीत. फक्त कुठंही गेलं तरी ओळखू आलं पाहिजे, एवढी सोय केली. ॲनालॉगच्या पायात असलं काही नाही.

मामा : ते मोबाइलवर आयोडीनचा थेंब टाकून दाखवतात ते?

भाची : आयोडीन स्टार्च ओळखतं. कुणी पीठ घातलं असेल तर पनीर निळं होईल. तुमच्या फ्रीझरमधल्या ठोकळ्यावर अख्खी बाटली ओतली तरी निळा होणार नाही, त्यात स्टार्चच नाही. आम्हाला चरबी वेगळी काढून मशिनवर चालवावी लागते. दुधाच्या चरबीत कोलेस्टेरॉल असतं, झाडाच्या तेलात सिटोस्टेरॉल. दुधाच्या पदार्थात सिटोस्टेरॉल दिसलं की समजायचं, झाड घुसलंय. पण हे घरी होत नाही, हॉटेलात होत नाही.

इथे मला त्या व्हिडिओंची आठवण झाली. वाटीत थेंब टाकायचा, निळं झालं की ‘नकली!’ म्हणून ओरडायचं, नाही झालं की ‘असली!’ म्हणून लाइक मागायचे. दुसरं ओरडणं पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे हे त्या दिवशी कळलं.

मामा : मग घाला की तीळतेल यात पण. माझी हरकत नाही.

भाची : घालता येईल. पण तेवढ्यानं भागत नाही. जेवायला बसलेल्या माणसानं ताटात ॲसिड ओतायचं का? त्याला साधं लिहून सांगितलं पाहिजे.

मामा : कायदा आहे ना तुमचा? तो २००६ चा, अन्नसुरक्षेचा. करा की तक्रार.

भाची : आहे. कलम ४०. गिऱ्हाइकाला स्वतः नमुना सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. फी भरायची, दोष निघाला तर फी परत.

मामा : बघ! सोय आहे.

भाची : एक अट आहे. विकत घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं, की हे मी तपासायला नेतोय.

मामा इतके हसले, की मामी आतून बघायला आल्या.

मामा : म्हणजे हॉटेलात जायचं, पनीर मसाला मागवायचा आणि मालकाला सांगायचं, की हा मी सरकारी माणसाकडं नेणार आहे. त्या दिवशी तो मालक स्वतः म्हैस पिळून पनीर करून देईल!

भाची : हसा तुम्ही. पण म्हणूनच म्हणते, शोधायचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालू नका. वाढणाऱ्यानं सांगायला पाहिजे. आणि हे फक्त खाणाऱ्याचं नाही. २०२४ ला गाईच्या दुधाचा भाव इतका पडला, की सरकारला लिटरमागं ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. तुमच्या पेठेत दूधवाल्यांचे मोर्चे आले नसतील, पण वाळवा-तासगावला विचारा. दुधाचं पनीर करणारा आणि तेलाचं पनीर करणारा एकाच नावाखाली उभे राहिले, तर दूधवाला कसा टिकणार? तुमचा १९० चा ठोकळा सहा लिटर दुधाची जागा खातो.

मामा : हं. हे मात्र खरं. इथं माझ्याकडं उत्तर नाही. पण तू एक सांग. उद्या प्रत्येक हॉटेलवाल्यानं लिहिलं, ‘पनीर मसाला १५०, दुधाचं पनीर २४०’. काय होईल? पैसेवाला २४० चं खाईल. कामावरनं आलेला पोरगा, ज्यानं पगाराच्या दिवशी मैत्रिणीला घेऊन पनीर खायचं ठरवलंय, तो तिच्यासमोर १५० चं मागवेल. आज तो पनीर खातोय. उद्या तो तेलाचं पनीर खातोय हे तिला दिसेल. तुझं ज्ञान त्याला काय देणार? पनीर तर देणार नाही.

भाचीने याला लगेच उत्तर दिलं नाही. मलाही सुचलं नाही. स्वस्त अन्नाबद्दल लिहिणारे आपण बहुतेक जण २४० ची प्लेट परवडणारे असतो, आणि कळकळीने लिहितानाही ते आपल्या लक्षात राहत नाही.

भाची : (थोड्या वेळाने) तो अंडाकरी मागवेल, मामा. किंवा छोले. दीडशेत दोघांचं होईल आणि अंगालाही लागेल. त्याला पनीरच का पाहिजे? कारण पनीर म्हणजे भारी, असं त्याला वाटतं. ते भारी दुधामुळं आहे. दूध काढून घेतलं आणि भारीपणा तेवढा विकला, तर त्याच्या पगाराच्या दिवसाचे पैसे कशाचे घेतले?

मामा : तू वकील व्हायला पाहिजे होतीस.

२०२५ च्या मार्चमध्ये विधानसभेत एका आमदाराने बनावट पनीर आणून दाखवलं, त्यावर चर्चा झाली, छापे पडले, काही शे किलो माल खड्ड्यात पुरल्याचे फोटो आले. छाप्यांचं मला अप्रूप नाही. गलिच्छ जागेत, काहीही घालून केलेला माल पुरलाच पाहिजे, आणि असुरक्षित अन्नाला कायद्यात तुरुंगही आहे. पण स्वच्छ कारखान्यातून, परवान्यानिशी, लेबल लावून निघालेला ॲनालॉग ताटात पोचेपर्यंत पनीर होतो, तो छाप्यात सापडत नाही. त्याला कायद्याच्या भाषेत चुकीच्या नावाने विकलेलं अन्न म्हणतात आणि कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड आहे. मामांचं बिल चोख, कारखान्याचं लेबल चोख. खोटं बोलतं ते मेन्यूकार्ड, आणि तपासणी तिथूनच सुरू व्हायला हवी. जप्तीच्या गाड्या कमी लागतील. मेन्यूकार्ड आणि खरेदीची बिलं शेजारी ठेवून वाचता येणारा एक माणूस लागेल.

जावई असल्यामुळे जेवताना बोललो नाही, इथे बोलतो. मामांचं दराचं म्हणणं मला पटतं. स्वस्त मागणाऱ्याला स्वस्त मिळणार आणि मिळावंही. पण स्वस्तात काय मिळालं ते सांगायला एक रुपयाही लागत नाही, एक ओळ लागते. ती लिहायला कुणी तयार नसेल, तर त्याला दर परवडत नसतो हे कारण खरं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी हॉटेलात बसलात, की ऑर्डर देण्याआधी विचारा, पनीर दुधाचं की ॲनालॉग? वेटर गोंधळला तर मालकाला बोलवा. विचारताना आवाज चढवू नका, पण शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतपत असू द्या. सरळ उत्तर मिळालं तर दोन्हींतलं जे परवडेल ते खुशाल खा. नाही मिळालं तर अख्खा मसूर मागवा. त्यात काय आहे ते निदान ताटात दिसतं.